नदीच्या टोकाचा तारा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊ-सव्वानऊच्या सुमारास पुण्यात एखाद्या उंच गच्चीवर उभे राहून बरोबर दक्षिणेकडे तोंड केले, तर क्षितिजापासून फारसा वर नाही असा एक निळसर पांढरा ठळक तारा दिसतो. हात लांब करून मूठ वळली तर ती आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. अशा जेमतेम दीड मुठीएवढ्या उंचीवर तो असतो. त्याच्या शेजारी दुसरा ठळक तारा नाही. पश्चिमेकडे दक्षिण मत्स्यातला फोमलहॉट दूरवर उतरणीला लागलेला असतो आणि आग्नेयेला अगस्त्य अजून उगवावयाचा असतो. तो अर्ध्या तासाने डोके वर काढील. मध्यंतरीच्या रिकाम्या आकाशात हा एकटाच उभा असतो.

पुष्कळ लोक त्यालाच अगस्त्य म्हणतात. दुसऱ्यांना कशाला हसावे, आम्ही स्वतः ही चूक चारचौघांत केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी मुलांना आकाश दाखवीत असता आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने याच ताऱ्याकडे बोट करून समुद्रप्राशनाची कथा सांगितली. कथा संपते न संपते तोच मागे घोंगडी पांघरून बसलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "मास्तर, अगस्ती अजून वर आला नाही. हा त्याच्या आधीचा. याचं नाव आम्हांलाही ठाऊक नाही." पुढे अर्ध्या तासाने खरा अगस्त्य उगवला आणि आम्ही खाली बसलो. ज्याचे नाव ठाऊक नाही अशा त्या ताऱ्याची चौकशी तेव्हापासून आमच्या मागे लागली. ती आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

पाश्चात्त्य ज्योतिषी त्याला अकरनार म्हणतात. आकाशात वळणावळणांनी वाहणारी जी एक लांबलचक नदी ग्रीकांनी कल्पिली, तिचे नाव एरिडानस. आपल्याकडील ताराचित्रांत तिला कोणी वैतरणी, कोणी यमुना असे म्हटले आहे. मृग नक्षत्राच्या पायाशी ती उगम पावते आणि दक्षिणेकडे वाहत जाऊन या ताऱ्यापाशी संपते. अकरनार हे नाव अरबीतले 'आखिर अन्-नहर', म्हणजे नदीचा शेवट. मराठीत त्यासाठी अग्रनद हा शब्द रूढ झाला आहे. ज्या कोणाला तो सुचला त्याचे कौतुक वाटते, कारण अर्थ साधला आहेच, पण अरबी शब्दाचा नादही थोडा उतरला आहे.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. घोटाळा पुढे आहे. याच नदीत आणखी उत्तरेला एक मंदसा तारा आहे. बायरच्या पद्धतीने त्याचे नाव थीटा एरिडानी. त्याचे पारंपरिक नाव अकामार, आणि ते नावही त्याच 'आखिर अन्-नहर'पासून आलेले! एका नदीला दोन शेवट कसे असतील? एका घरात दोन भाऊ एकाच नावाचे निघाले तर आपण समजतो की धाकट्याला थोरल्याचे नाव ठेवले असावे. येथे तसेच घडले आहे. नाव मूळचे अकामारचे. आपला ठळक तारा हा मागाहून आलेला वारस होय.

हे कसे झाले ते समजण्यास इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रिया शहरी गेले पाहिजे. तेथे टॉलेमीने सुमारे १५० साली आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. त्यात एक हजारावर ताऱ्यांची यादी आहे, अठ्ठेचाळीस तारकासमूह आहेत, आणि नदीचा शेवटचा तारा म्हणून एक तारा नोंदलेला आहे. त्याचे जे स्थान टॉलेमीने दिले ते अकामारचे आहे. अकरनारचे ते असणे शक्यच नव्हते, कारण अलेक्झांड्रियाहून अकरनार दिसतच नसे.

पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरते, आणि भोवरा मंदावू लागला म्हणजे त्याचा आस जसा डुलत डुलत एक शंकू रेखतो तसा पृथ्वीचा आसही सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरा पुरा करतो. आपले ज्योतिषी ज्याला संपातचलन किंवा अयनचलन म्हणतात ते हेच. त्यामुळे ताऱ्यांची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्यांचे अंतर, शतकानुशतके बदलत राहते. अग्रनदाची दक्षिण क्रांती आज सुमारे सव्वासत्तावन्न अंश आहे. इसवी सनाच्या १०० व्या वर्षाच्या सुमारास ती सदुसष्ट अंश होती, आणि इसवी सनापूर्वी सुमारे ३४०० मध्ये तर हा तारा आकाशाच्या दक्षिण ध्रुवापासून अवघ्या सात-आठ अंशांवर होता. अलेक्झांड्रियाचा अक्षांश एकतीस अंशांहून थोडा अधिक. तेथे क्षितिजावर येण्यास ताऱ्याची दक्षिण क्रांती एकोणसाठ अंशांच्या आत हवी. म्हणजे टॉलेमीच्या डोळ्यांपुढे अग्रनद कधीच आला नाही. तो सदैव क्षितिजाच्या आठ अंश खाली दडलेला होता. अलेक्झांड्रियाच्या क्षितिजाला तो प्रथम लागला तो सुमारे १६०० साली. टॉलेमीची नदी जेथे संपली तेथे त्याचे आकाशच संपत होते.

परंतु एक काटा राहतोच. टॉलेमीने या शेवटच्या ताऱ्याला पहिल्या प्रतीचा म्हटले आहे. अकामार आज तिसऱ्या प्रतीच्या घरात मोडतो. पहिल्या प्रतीच्या ताऱ्याहून पाच-सहापट मंद. दहाव्या शतकात अस्-सूफी या इराणी ज्योतिष्याने टॉलेमीची यादी स्वतःच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली आणि ९६४ च्या सुमारास आपला स्थिर ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला. त्यानेही नदीचा शेवटचा तारा पहिल्या प्रतीचाच म्हटला. मग अकामार हजार वर्षे तेजस्वी राहून नंतर मालवला की काय? असे मानणारे विद्वान झाले आहेत. आम्हांला ते पटत नाही. अकामार हा दुर्बिणीतून पाहिला तर दोन पांढऱ्या ताऱ्यांचे जोडपे आहे, आणि तशा जातीचे तारे दोन हजार वर्षांत असे उतरत नाहीत. त्यांचे आयुष्य कोट्यवधी वर्षांचे असते.

मग पहिली प्रत आली कोठून? येथे आम्ही एक तर्क पुढे ठेवतो. तो तर्क म्हणूनच घ्यावा. टॉलेमीच्या आधीच्या शतकापासून अलेक्झांड्रियाचे व्यापारी तांबड्या समुद्रातून उतरून, एडनच्या आखाताला वळसा घालून, पावसाळी वाऱ्यांवर स्वार होऊन हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याला लागत. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच, कल्याण, चौल ही आपली बंदरे आणि पैठण, तेर ही घाटावरची पेठेची गावे यांची नोंद आहे. मलबारातील मुझिरिस बंदर सुमारे दहा अंशांवर. तेथे त्या काळी अग्रनद क्षितिजाच्या तेरा अंश वर येई, आज पुण्यात येतो जवळपास तेवढा. मिरी भरून परतणाऱ्या खलाशाला नदीच्या खाली, दक्षिणेला, एक झगझगीत तारा दिसला नसेल असे संभवत नाही. तो घरी परतून "नदीच्या टोकाला पहिल्या प्रतीचा तारा आहे" असे म्हणाला असेल आणि ऐकणाऱ्याने ते वर्णन आपल्या आकाशातील शेवटच्या ताऱ्याला लावले असेल. तर्काची दुबळी बाजूही सांगितली पाहिजे: टॉलेमी अशा खलाशाचा उल्लेख करीत नाही, आणि दिलेले स्थान निःसंशय अकामारचे आहे. म्हणजे स्थान डोळ्यांचे आणि तेज कानांचे असे मानावे लागते. विद्वानांचे या बाबतीत एकमत झालेले नाही. आम्ही मात्र तारा विझवण्यापेक्षा नोंदीत सरमिसळ झाली असे म्हणणे पत्करू.

आता आपल्या घरचा प्रश्न. अलेक्झांड्रियाला जो तारा दिसत नव्हता तो आपल्याला तर दिसत होता ना? मग आपल्या ग्रंथांत तो का नाही? येथे आमचे काही मित्र लगेच अभिमानाने बाह्या सरसावतात आणि दुसरे काही मित्र तितक्याच तत्परतेने पूर्वजांना नावे ठेवतात. दोघांनीही आधी थोडा हिशोब करावा. सातवाहनांच्या भरभराटीत पैठणहून पाहिले असता अग्रनद क्षितिजाच्या साडेतीन अंशांहून वर चढत नसे. गोदावरीकाठच्या धुक्यात आणि धुरळ्यात तो कोणाच्या डोळ्यांत भरणार? वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकाच्या आरंभी, त्याची क्रांती सुमारे पासष्ट अंश होती. उज्जयिनीहून तो पावणेदोन अंशही वर येत नव्हता. म्हणजे सिद्धांतज्योतिषाचे जे मुख्य पीठ, तेथे तो असून नसल्यासारखाच. त्याच उज्जयिनीहून अगस्त्य चांगला दिसे. म्हणून बृहत्संहितेत अगस्त्याच्या उदयाला स्वतंत्र अध्याय मिळाला, सूर्यसिद्धांतात त्याचे स्थान मिथुनाच्या अंती व ऐंशी अंश दक्षिणेस असे नोंदले गेले; आणि नक्षत्रांचे योगतारे सोडून ज्या मोजक्या ताऱ्यांची स्थाने तेथे दिली आहेत, मृगव्याध, ब्रह्महृदय, अग्नी, प्रजापती, त्यांत आपला तारा नाही.

हे झाले उत्तरेचे. दक्षिणेकडील ज्योतिष्यांना ही सबब लागू पडत नाही. चौदाव्या शतकात केरळात माधवासारखा गणिती होऊन गेला. त्याच्या गावाहून अग्रनद एकोणीस अंश उंच येत असे, म्हणजे डोळे उघडे ठेवणाऱ्याला टाळणे कठीण. पण पंचांगाला त्याचा उपयोग नव्हता. चंद्र आणि ग्रह ज्या पट्ट्यातून फिरतात त्यापासून तो फार दूर, त्याच्या उदयाशी कोणते व्रत वा अर्घ्य निगडित नाही. ज्या ताऱ्याशी काम नाही त्याचे नाव टिकत नाही, हे आम्हांला खेदाने म्हणावे लागते. कोळ्यांनी आणि तांडेलांनी त्याला काही म्हटले असेलही. पण त्यांच्या तोंडचे शब्द पोथीत उतरवून घेण्याची आपल्या पंडितांना कधी निकड वाटली नाही. आमच्या त्या शेतकऱ्याला नाव ठाऊक नव्हते, पण 'अगस्तीच्या आधीचा' ही खूण ठाऊक होती. ती आमच्या मते पोथीतल्या मौनाहून अधिक मोलाची.

नाव अकामारवरून अकरनारकडे सरकले ते युरोपातील गलबते विषुववृत्त ओलांडू लागल्यावर. १५९५ मध्ये डच व्यापाऱ्यांचा पहिला तांडा पूर्वेच्या बेटांकडे निघाला. त्यावर पीटर कीझर नावाचा सुकाणूतज्ज्ञ होता. दक्षिणेचे तारे मोजून आणण्याची कामगिरी प्लांशियस या नकाशाकाराने त्याच्यावर सोपविली होती. फ्रेडरिक डी हाउटमन त्याचा सहकारी. तांड्यात २४९ माणसे होती. १५९७ मध्ये परत आली ती शंभराहूनही कमी. स्वतः कीझर १५९६ मध्ये जावा बेटावरील बांतामला वारला. त्याची टिपणे तेवढी घरी पोचली. हाउटमन पुन्हा पूर्वेकडे गेला, तेव्हा सुमात्राच्या उत्तरेस अचेह येथे झटापटीत त्याचा भाऊ मारला गेला आणि तो स्वतः १६०१ पर्यंत सुलतानाच्या कैदेत पडला. त्या कैदेचा त्याने काय उपयोग करावा? तो मलायी भाषा शिकला आणि तारे पाहत राहिला. १६०३ मध्ये त्याने जो मलायी शब्दकोश छापला त्याला जोडून ३०३ दक्षिणी ताऱ्यांची यादी आहे. शब्दकोशाच्या शेवटी ताऱ्यांची यादी! ग्रंथालयात ती कोणत्या कपाटात ठेवावी हा प्रश्नच पडला असेल.

त्याच १६०३ साली आउग्सबुर्गचा वकील योहान बायर याने आपला तारकाकोश प्रसिद्ध केला. नव्या माहितीच्या आधारे नदी दक्षिणेकडे लांबविली गेली होती. तिच्या नव्या टोकाशी असलेल्या ठळक ताऱ्याला बायरने आल्फा हे अक्षर दिले आणि जुन्या शेवटाला थीटा. गादी नव्या धन्याकडे गेली. पुढे १६७७ मध्ये हॅलीने सेंट हेलेना बेटावरून आणि १७५० नंतर लाकाय याने केप ऑफ गुड होपहून दक्षिण आकाश पद्धतशीर मोजले, तेव्हा या व्यवस्थेत बदल करण्याचे कारण उरले नव्हते.

युरोपियनांनी हा तारा 'शोधला' असे मात्र कोणी म्हणू नये. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील बुराँग लोकांची ताऱ्यांविषयीची माहिती विल्यम स्टॅनब्रिज याने ऐकून घेऊन १८५७ मध्ये नोंदविली. त्यांच्याकडे अकरनार ही एक सासू आहे. आपण ज्याला श्रवण म्हणतो तो तारा तिचा जावई; त्याच्या दोन बाजूंचे दोन तारे ह्या त्याच्या बायका, म्हणजे तिच्या मुली. आणि ही सासू जावयाला कधी आपले तोंड पाहू देत नाही, कारण सासूने जावयापुढे येऊ नये असा त्या लोकांचा कडक रिवाज. या सासू-जावयांची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे, म्हणून श्रोत्यांनी ती ध्यानात ठेवावी.

नावाची हकीकत येथे संपली. ताऱ्याच्या आकाराची हकीकत याहून अलीकडची, आणि तिच्यातही एक चूक आणि एक दुरुस्ती आहे.

फिरणारी वस्तू कंबरेशी फुगते हे न्यूटनने १६८७ मध्ये पृथ्वीच्या बाबतीत गणिताने दाखविले. पृथ्वीचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरांनी अधिक आहे. गुरू आणि शनी दहा-अकरा तासांत एक फेरा करतात, म्हणून त्यांचा चपटेपणा लहान दुर्बिणीतूनही डोळ्यांना जाणवतो. मग तारे? तारा कितीही मोठी दुर्बीण लावली तरी टिंबच राहतो. त्याचा आकार कसा पाहावा? पहिली वाट वर्णपटाची. १८७७ मध्ये ॲब्नी याने सुचविले की तारा वेगाने फिरत असेल तर त्याची एक कड आपल्याकडे येते आणि दुसरी दूर जाते, त्यामुळे वर्णपटातील रेषा रुंदावतील. त्याच्याही आधी, १८६६ मध्ये, रोमच्या सेक्की याला शर्मिष्ठेतील एका ताऱ्याच्या वर्णपटात काळ्या रेषेच्या जागी हायड्रोजनची तेजस्वी रेषा दिसली होती. तशी लक्षणे दाखविणारे निळे तारे पुढे पुष्कळ सापडले. अग्रनद हा त्या जातीचा पृथ्वीवरून सर्वांत ठळक दिसणारा तारा आहे. १९३१ मध्ये ऑटो स्ट्रूव्ह याने त्याचा उलगडा मांडला: हे तारे इतके गरगरत असतात की त्यांच्या कंबरेचा वायू सुटून भोवती कडे होते आणि ते कडे चमकते. त्या आधी १९२४ मध्ये स्वीडनच्या फॉन झायपेल याने दाखविले होते की अशा ताऱ्याचे ध्रुव अधिक तप्त व तेजस्वी असतात आणि फुगलेली कंबर थंड व मंद.

ही सर्व कागदावरची समज होती. प्रत्यक्ष माप घेण्यासाठी जी यंत्रे झाली त्यांपैकी एकाची हकीकत सांगितल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही, कारण तिच्यात आपल्या भूमीचा एक धागा आहे. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन हा १९१६ मध्ये निलगिरीतल्या अरुवंकाडू येथे जन्मला. इंग्लंडात रडारवर काम केल्यावर त्याला एक कल्पना सुचली. एकमेकांपासून दूर ठेवलेल्या दोन आरशांवर एकाच ताऱ्याचा प्रकाश घ्यावा आणि त्या प्रकाशाची थरथर दोन्हीकडे कितपत सारखी आहे ते ताडून पाहावे. आरसे दूर नेता नेता ही सारखेपणाची मात्रा जेथे घसरते त्यावरून ताऱ्याचा व्यास निघतो. भल्याभल्या पदार्थवैज्ञानिकांनी हे शक्यच नाही असे सांगितले. त्याने आणि त्विस या सहकाऱ्याने १९५६ मध्ये लष्कराच्या शोधदिव्यांचे दोन आरसे लावून व्याधाचा व्यास मोजून दाखविला. मग ऑस्ट्रेलियातील नॅराब्री येथे मोठे यंत्र उभे राहिले: १८८ मीटर व्यासाचा वर्तुळाकार लोहमार्ग आणि त्यावर धावणारे साडेसहा मीटर रुंदीचे दोन आरसे, प्रत्येक आरसा २५२ षट्कोनी तुकड्यांचा. १९६३ मध्ये काम सुरू झाले आणि १९७४ मध्ये बत्तीस ताऱ्यांचे व्यास प्रसिद्ध झाले. अग्रनद त्यांपैकी एक. त्याचा व्यास भरला विकलेच्या सहस्रांशाच्या दुपटीहून थोडा कमी. अडीच सेंटीमीटरांचे नाणे सत्तावीसशे किलोमीटरांवरून, म्हणजे हिंदुस्थानच्या दक्षिणोत्तर लांबीहून थोड्याच कमी अंतरावरून, जेवढे दिसेल तेवढा.

पण हा व्यास कोणत्या दिशेचा? उभा की आडवा? ते नॅराब्रीला सांगता आले नाही. ते उत्तर मिळण्यास आणखी तीस वर्षे लागली. २००१ मध्ये अमेरिकेतील पालोमार येथील व्यतिकरणमापकाने एक तारा लांबट असल्याचे प्रथम मोजून दाखविले. एक व्यास दुसऱ्याहून सुमारे १४ टक्क्यांनी मोठा. तो तारा होता श्रवण, म्हणजे बुराँगांचा जावई! आणि लगोलग सासूची पाळी आली. चिलीतील पारानाल पर्वतावर २००२ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत दोमिसियानो डी सूझा, केर्व्हेला आणि त्यांचे सहकारी यांनी अवघ्या चाळीस सेंटीमीटरांच्या आरशांची जोडी ६६ आणि १४० मीटर अंतरांवर ठेवून अग्रनद मोजला. २००३ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा सगळे चकित झाले. विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येच्या १.५६ पट! आजवर पाहिलेला सर्वांत चपटा तारा म्हणून वृत्तपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला.

जाणकार मात्र अस्वस्थ झाले. एखादा तारा घट्ट गोळ्यासारखा एकसारखा फिरत असेल तर त्याच्या वेगाला मर्यादा आहे. तिच्यापलीकडे कंबरेचा वायू तुटून निघून जाईल. त्या मर्यादेवरही हे गुणोत्तर दीडपटीपुढे जाऊ शकत नाही. १.५६ हे तर तिच्याही पुढे. मग ताऱ्याचा अंतर्भाग बाहेरच्या भागाहून निराळ्या वेगाने फिरत असेल असे कोणी म्हणाले. कोणी म्हणाले, कंबरेभोवतीच्या वायूच्या कड्याचा उजेड मोजणीत मिसळला असावा. कोणी ध्रुवांवरून सुटणाऱ्या वाऱ्याकडे बोट दाखविले. शेवटी, ताऱ्याभोवतीचे कडे जवळजवळ विरून गेलेले असतानाच्या काळात, अधिक चांगल्या उपकरणांनी पुन्हा मोजणी केली गेली आणि २०१४ मध्ये त्याच दोमिसियानो डी सूझा यांच्या गटाने नवा आकडा दिला: ध्रुवाकडची त्रिज्या सूर्याच्या ६.८ पट, विषुववृत्ताकडची ९.२ पट, गुणोत्तर १.३५. ध्रुवाशी तापमान सुमारे १७,००० अंश, कंबरेशी १३,००० अंशांहून कमी. फॉन झायपेलने नव्वद वर्षांपूर्वी सांगितले होते तसेच. कंबरेचा वेग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर. आपल्या सूर्याला स्वतःभोवती फिरण्यास सुमारे पंचवीस दिवस लागतात; सूर्याच्या नऊपट घेराचा हा तारा अवघ्या सदतीस तासांत एक गिरकी घेतो.

१.५६ हा आकडा जगभर पसरला, पुस्तकांत गेला, आणि अजूनही पुष्कळ पुस्तकांतून तोच छापून येतो. १.३५ ची बातमी फारशी कोणी छापली नाही. ज्यांनी पहिला आकडा दिला त्यांनीच तो मागे घेऊन दुसरा दिला, याची मात्र आम्हांला फार थोरवी वाटते. टॉलेमीची पहिली प्रत आठशे वर्षांनंतर सूफीच्या ग्रंथातही तशीच राहिली; पारानालची चूक अकरा वर्षांत दुरुस्त झाली.

आणखी एक गोष्ट राहिली. ज्याला आम्ही आरंभी एकटा म्हटले तो एकटा नाही. २००७ मध्ये त्याच्या अगदी जवळ एक लहान सोबती तारा सापडला. २०२२ मध्ये त्याची कक्षा प्रसिद्ध झाली: सुमारे सात वर्षांत एक फेरा, मोठ्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सहापट, लहानाचे दुप्पट. त्यांचे अंतर आपल्यापासून सुमारे १३९ प्रकाशवर्षे. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा उजेड टिळक-आगरकरांच्या उमेदीच्या काळात तेथून निघालेला आहे.

संपातचलन चालूच आहे. पैठणच्या सातवाहनांना साडेतीन अंशांवर दिसणारा अग्रनद आज तेथून तेरा अंशांवर येतो. तो उत्तरेकडे सरकतच राहील आणि आठव्या ते अकराव्या सहस्रकाच्या दरम्यान इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याहूनही दिसू लागेल. तूर्त ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनी डिसेंबरातली चांदण्याविना असलेली रात्र गाठावी आणि दक्षिणेला झाडे व दिवे नसलेली जागा निवडावी. तो दिसल्यावर नजर वर आणि थोडी डावीकडे न्यावी. क्षितिजापासून तीन मुठींच्या उंचीवर, एकट्याच तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्यावर ती स्थिरावेल. तो अकामार. लहानशी दुर्बीण असेल तर त्याचे दोन तारे वेगळे दिसतील, आणि तेवढ्या वेळात आग्नेयेला अगस्त्यही उगवलेला असेल.